आधी अक्कांना फोन

माझ्या नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, असं मला दोन वर्षं वाटत होतं. उदगीरला एकाच शाळेत आम्ही दोघं शिक्षक. शाळा सुटली की तो "आलोच" म्हणून जायचा आणि तासाभरानं परतायचा तेव्हा त्याचा चेहरा निवलेला असायचा. माझ्याजवळ तो तसा कधी निवत नव्हता. मी त्याच्या शर्टाचे वास घेतले, फोन तपासला. शेवटी स्कूटरच्या डिकीत, फडक्यात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या.

तो गाडीवरून पडला होता तेव्हा कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या तो अजून घेत होता. चिठ्ठी न मागणारी दुकानं त्याला पाठ झाली होती; इथं नाही मिळाल्या तर बिदरला जायचा. खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं, बाई नव्हती म्हणून. आठवड्याभरात वाटायला लागलं, बाई परवडली असती. तिच्याशी भांडता तरी आलं असतं. गोळी नसली की तो घामानं भिजायचा, लेकीच्या अंगावर धावून जायचा. एकदा वर्गातच त्याची शुद्ध हरपली आणि त्याचे विद्यार्थी मला बोलवायला आले. मग आम्ही त्याला लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं.

तिथून आल्यावर दर रविवारी तो लातूरला, व्यसन सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायला लागला. तिथं एक निवृत्त नर्स यायच्या. एके काळी त्या स्वतःच चोरून इंजेक्शनं घ्यायच्या. हा त्यांना अक्का म्हणायचा. रोज संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारत त्यांच्याशी फोनवर बोलायचा, हसायचासुद्धा. माझ्याशी मात्र हाव आणि न्हाई, एवढंच.

एका रविवारी मी हट्टानं सोबत गेले. तिथं तो उभा राहून बोलला. लेक तापानं फणफणली होती तेव्हा मी त्याला औषधाला धाडलं होतं. त्यानं स्वतःच्या गोळ्या घेतल्या, तिचं औषध विसरला आणि दुकान बंद होतं असं मला सांगितलं. त्या दुकानदाराला मी कितीतरी दिवस शिव्या दिल्या होत्या. आणि खरं काय ते मला पंधरा परक्या माणसांत बसून कळलं. अक्कांना ते आधीच ठाऊक होतं.

चहाच्या वेळी मी त्यांना म्हणाले, "माझ्यापेक्षा तुम्हालाच त्याचं जास्त माहीत हाय."

त्या रागावल्या नाहीत. "तुमच्याशी खोटं बोलायची सवय लागलीय त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढं ते चालत न्हाई. ते सगळं खोटं मी आधीच बोलून बसलेय."

बोलणं पटलं. म्हणून त्या मला आवडायला लागल्या, असं मात्र झालं नाही.

पुढं काही महिन्यांनी एका दुपारी अक्कांचा मलाच फोन आला. तो उदगीरच्याच बसस्टँडवर बसलाय, खिशात पट्टी आहे, अजून फोडलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. "मी लातूरहून पोचेपर्यंत दोन तास जातील, तुम्ही जा, काही विचारू नका, नुसतं शेजारी बसा," म्हणाल्या. मी धावत निघाले, पण डोक्यात एकच होतं: मी दहा मिनिटांवर होते, तरी यानं आधी लातूरला फोन केला.

त्यानं पट्टी मुकाट्यानं माझ्या हातात दिली. मला राहवलं नाही.

"मला का न्हाई केलास फोन?"

तो समोरच्या गाडीकडं बघत म्हणाला, "तुला केला असता, तर घरीच यायलोय म्हणून खोटंच सांगितलं असतं."

गोळ्या मी तिथल्या नळाखाली चुरून टाकल्या.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यानं गोळी घेतलेली नाही. लेकीच्या वाढदिवसाला अक्का येतात, ती त्यांना बिलगून बसते. मी त्यांना आग्रहानं वाढते आणि आतून जळते. या बाईनं माझं घर वाचवलं, हे कळत असूनही जळते.

गेल्या महिन्यात मी भाजी निवडत होते. तो आला आणि स्वतःहून म्हणाला, "आज औषधाच्या दुकानासमोर थांबलो होतो. आत गेलो न्हाई." मी फक्त "बरं" म्हणाले. तो थोडा वेळ माझ्याजवळ बसला, मग उठून अंगणात गेला आणि त्यानं अक्कांना फोन लावला.