वरचा थर

मल्हारी विधातेनं गेल्या वर्षी शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. नावाखाली ठळक अक्षरात 'संचालक'. आता संचालन कशाचं म्हणाल, तर पिंपळगाव बसवंतला हायवेलगत भाड्याचं पत्र्याचं शेड, एक वजनकाटा, एक टेम्पो आणि टोमॅटो निवडणाऱ्या सात बाया. शेतकऱ्यांचा माल निवडायचा, प्लॅस्टिकच्या जाळ्यांत, म्हणजे क्रेटांत भरायचा आणि पॅकहाऊसला पोचवायचा, एवढाच पसारा. पण खिशात कार्ड आलं की माणसाची चालच बदलते. आपण तेव्हा कसे छाती काढून चालायचो, हे हल्ली तो स्वतःच चहाच्या टपरीवर चालून दाखवतो आणि सगळ्यांच्या आधी हसतो.

नव्या धंद्याचं खूळ डोक्यात आलं नाशिकच्या एका चर्चासत्रात. विषय होता, एआयच्या लाटेत छोट्या उद्योगांना संधी. जेवण चांगलं असतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून हा गेला. जेवण खरंच चांगलं होतं. भाषणातलं मात्र एकच वाक्य ध्यानात राहिलं: मोठ्या कंपन्यांना जिथं वाकायचा कंटाळा येतो, तिथं छोट्यांनी वाकावं. वाकायचा मल्हारीला सराव होताच, त्याची उभी हयात जाळीवर वाकण्यात गेली होती.

आणि वाकल्यावाचून गत्यंतरही नव्हतं. ज्या पॅकहाऊसला तो माल द्यायचा, त्यांनी निवडीचं भलंमोठं मशीन आणलं होतं आणि पुढच्या हंगामापासून तुमच्या बाया नकोत, असं तोंडावर सांगितलं होतं. सात बाया म्हणजे सात चुली. त्यात ठमाबाई तर त्याच्या वडिलांपासूनची, तीस वर्षं टोमॅटो निवडत आलेली.

"तू नको जिवाला लावून घेऊ," ती म्हणाली. "आम्ही जाऊ कुणाच्याबी रानात गवत निंदायला."

त्या बोलण्यानं मल्हारीला जास्तच लागलं. साठीच्या बाईनं उन्हात निंदायला जायचं आणि आपण संचालक म्हणून मिरवायचं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

त्याच चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत त्याला प्रतिभा भेटली होती. कॉलेज रोडला मिठाईच्या दुकानावरच्या एका खोलीत तिची चार माणसांची कंपनी. छोट्या पॅकहाऊसला परवडेल असं, कॅमेऱ्यानं टोमॅटो निवडणारं मशीन ती बनवत होती. मशीनला शिकवायला तिला टोमॅटोचे हजारो फोटो हवे होते, प्रत्येक फोटोखाली माल कसा आहे ते नोंदवलेलं. मल्हारीनं कार्ड पुढं केलं आणि छाती ठोकून सांगितलं, "मॅडम, फोटो समजा आलेच."

आता इथं या गृहस्थानं काय करावं? बाजारात माल न्यायचा म्हणजे बारीक-सारीक तळाला आणि लालबुंद, गरगरीत फळ वरच्या थराला, हे त्याच्या हाताला लहानपणापासून माहीत. फोटो काढायचा म्हणजे तर मुलगी दाखवायचाच कार्यक्रम. त्यानं एकेक टोमॅटो निवडला, ओल्या फडक्यानं पुसला, निळ्या कापडावर देठ मागं करून बसवला. ठमाबाई म्हणाली, "सगळेच असले?" तर हा म्हणाला, "मावशी, हे कंप्युटरचं काम हाय, तुला नाय कळायचं." असे दोन हजार फोटो गेले.

चौथ्या दिवशी प्रतिभाचा फोन आला. "मल्हारीकाका, यात खराब माल कुठंय?"

"नाय मॅडम," मल्हारी अभिमानानं म्हणाला, "आपल्याकडं खराब माल नसतोच."

"मग मशीननं काढून काय टाकायचं?"

मल्हारीच्या डोक्यात प्रकाश पडायला दोन कप चहा लागले. जे जन्मभर तळाला दडपलं, तेच नेमकं गिऱ्हाईक मागत होतं. कार्ड खिशात खाली सरकवून तो मुकाट्यानं ठमाबाईसमोर जाऊन बसला.

मग तिनं फेकायच्या ढिगातला एकेक टोमॅटो उचलून दाखवला. हा उन्हानं भाजलेला. ह्याला देठाजवळ अळीनं भोक पाडलंय. हा तडकलेला, पण चीर भरून आली, दोन दिवस टिकेल. हा दिसायला राजबिंडा, पण अंगाला कोपरे आलेत, म्हणजे आतून पोकळ. मल्हारी तोंडाचा आ वासून ऐकत राहिला. महिनाभर सातही बाया मोबाईलवर फोटो काढत, खाली खोट नोंदवत होत्या. जिला लिहिता येत नव्हतं ती बोलून सांगायची, दुसरी नोंदवायची.

दिवाळीच्या आधी मशीन दाखवायचा दिवस ठरला, सायखेड्याच्या सावळीराम शेठच्या पॅकहाऊसमध्ये. शेठनं मशीन घेतलं तर मल्हारीच्या बायांना वर्षभर काम होतं, कारण वाण बदलला, हवा बदलली की मशीनला नव्यानं शिकवावं लागतं. नाही घेतलं तर निंदणी. मल्हारीनं मोठ्या हौसेनं आपल्याच एकरभर शेतातल्या तीन जाळ्या नेल्या, सोबत ठमाबाईला घेतलं.

पट्टा सुरू झाला. वरचा थर झोकात पुढं गेला. मग मशीन एकेक फळ बाजूला ढकलू लागलं. भाजलेलं, भोकाचं, पुन्हा भाजलेलं. बाजूची पाटी भरत आली. सावळीराम शेठ पाटीकडं बघेना, मल्हारीकडंच बघू लागला. सकाळी आपल्या हातांनी सवयीनं काय केलंय, ते मल्हारीला तेव्हा आठवलं आणि त्याची कानशिलं तापली.

"मशीन चुकतंय का?" शेठनं विचारलं.

प्रतिभा गोंधळली. ठमाबाई पाटीशेजारी उभी होती. मल्हारीनं आशेनं तिच्याकडं पाहिलं. ती हो म्हणाली असती तर त्याची अब्रू वाचली असती आणि सात जणींचं काम गेलं असतं. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

"चुकत नाय," मल्हारी म्हणाला. "माल माझाय. मीच भरलाय. खराब तळाला घातला, चांगला वर लावला."

शेठ कितीतरी वेळ हसत होता. मग म्हणाला, "जे आणणाऱ्यालाच सोडत नाय, ते बाकीच्यांना काय सोडंल? ठेवा हितंच. आन् ह्या तीन जाळ्या तेवढ्या परत न्या."

परतीच्या टेम्पोत मल्हारीनं न राहवून विचारलं, "मावशी, सकाळी मी भरताना तू तिथंच होतीस. तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं की."

"मग बोलली का नाय?"

"तीस वर्सं दिसतंय," ठमाबाई म्हणाली. "विचारलं कुणी?"

 

पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा कार्डं छापली. ठमाबाईला एक दिलं आणि वाचूनही दाखवलं: पहिल्या ओळीत तिचं नाव, त्याखाली 'मुख्य परीक्षक', आणि सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात, मल्हारी विधाते. 'संचालक' काढून टाकलं होतं. तिनं कार्ड हातात घेतलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग उलटं करून मागची बाजू नीट बघितली.

"काय बघती मावशी?"

"सवय हाय," ती म्हणाली, आणि कार्ड कनवटीला खोचून कामाला लागली.