पेटीमामांचा डावा हात

आमचे पेटीमामा कुठल्याही वस्तूबद्दल मत देण्याआधी ती उचलून बघतात. टरबूज, फावडं, पाहुण्यांची सुटकेस, काहीही. माझं लग्न ठरलं तेव्हा नवरीला उचलून बघायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या अंगणातला पाण्याचा हंडा उचलला आणि परत येऊन आईला सांगितलं, "माणसं भक्कम हायत." मला त्यांनी जन्मल्यावर पहिल्यांदा उचललं तेव्हा "हलकंच हाय" म्हणाले होते म्हणे. त्या मतात दुरुस्ती करावी असं आमच्या घरात अजून कुणाला वाटलेलं नाही.

मामा चकलांब्याचे, आईचे थोरले भाऊ. दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असतं आणि पेटी मामांची असते. या मंडळाचा एक जुना नेम आहे : ज्याचं वाद्य त्यानं स्वतः उचलून आणायचं. पखवाज वाजवणारे किसनआबा ऐंशीच्या घरात आले, तरी पखवाज गळ्यात अडकवून तेच आणतात. एकदा कुणा पाहुण्याने मदत म्हणून मामांच्या पेटीला हात घातला, तर मामा म्हणाले, "ठिवा खाली. जोवर उचलतो तोवरच वाजवायचा हक हाय मला."

मग मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की आता जड काही उचलायचं नाही. घागर, पोतं, नातू आणि पेटी, सगळं बंद. मंडळातले लोक घरी आले. "मामा, आमी पेटी नेऊन ठिवू, तुमी नुसते या," म्हणाले. मामांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "आज पेटी उचलून नेताल, उद्या मला." त्यानंतर ते गुरुवारी देवळाकडे पाठ करून ओट्यावर बसू लागले. भजनाचा आवाज आला की त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप पुढे-मागे व्हायचा, पेटीचा भाता हलवल्यासारखा. ते लक्षात आलं की मामा तो हात मांडीखाली दाबून ठेवायचे. मामींनी मला फोन केला. "माणूस घरात हाय बघ, पण घरात न्हाई. काही तरी हलकं वाद्य बघ की बाबा."

मी बीडला शाळेत इतिहास शिकवतो. संगीतातली माझी गती म्हणजे मी टाळ्या वाजवायला लागलो की शेजारची मुलं थांबतात. पण मामींचा फोन आला आणि मी आठवडाभर मोबाइलवर कीबोर्डचे व्हिडिओ बघितले. त्यानंतर शिक्षक खोलीत माझ्या शेजारी बसायला कुणी तयार होईना, इतका मी तज्ज्ञ झालो.

मामांना घेऊन दुकानात गेलो तेव्हा माझी निवड पक्की होती : एक सडपातळ सिंथेसायझर, वर गोल गोल खुंट्या, आतून हजार तऱ्हेचे आवाज. मामांनी तो उचलला. चेहरा खुलला. "भाकरीवानी हाय की रे."

"फक्त याला स्वतःचा स्पीकर नाही," दुकानदार म्हणाला. "तो वेगळा जोडावा लागतो." हे माझ्या एकाही व्हिडिओत नसावं, किंवा मी तेवढ्यात चहा आणायला गेलो असेन.

"म्हंजे ह्याच्या मनातलं दुसऱ्यानं बोलायचं," मामांनी तो खाली ठेवला. "अन् ते दुसरं कोण उचलणार? तू येणार का दर गुरुवारी बीडहून?"

मग मी एक लांबलचक कीबोर्ड दाखवला. मामांनी एका बाजूने उचलून सोडून दिला. "ह्याला बैलगाडी लागंल, भाचेराव."

शेवटी दुकानदाराने एक साधा कीबोर्ड काढला. स्पीकर पोटातच, लाइट गेली तर सेलवर चालणारा, पट्टी हळू दाबली तर हळू बोलणारा. पेटीचा आवाज होता, तबला-ढोलकीचे ठेके आयते भरलेले होते आणि खिशालाही झेपणारा होता. मामांनी तो पिशवीत घालायला लावला, पिशवी खांद्याला लावली आणि सरळ दुकानाबाहेर पडले. दुकानदार घाईने पायरीवर आला. मामा गल्लीच्या टोकापर्यंत गेले, रसवंतीपाशी वळले आणि त्याच चालीने परत आले. पोटावर हात ठेवून क्षणभर अंदाज घेतला. "कुठं ओढ लागली न्हाई. हेच बांधा." मग कुठे त्यांनी तो वाजवून बघितला.

पुढच्या गुरुवारी मीही मुक्कामाला गेलो. मामा पिशवी खांद्याला लावून देवळात आले, तेव्हा मामी बायकांच्या बाजूला मुठीत खडीसाखर धरून बसल्या होत्या. किसनआबांनी कीबोर्डकडे बघितलं. "ह्यात पखवाज बी हाय म्हनं. मग मी कावून आलो?"

"तुमी हायत म्हणून तो बंद हाय, आबा," मामा म्हणाले. आबांनी पखवाजाची शाई थोपटली, पण कपाळावरची आठी सोडली नाही.

पहिला अभंग सुरू झाला. मामांचा उजवा हात पट्ट्यांवर सहज फिरत होता. सूर चढला, मामांनी डोळे मिटले आणि विसरले. डावा हात निघाला मागच्या भात्याकडे. पेटीला जिथे भाता असतो, तिथे कीबोर्डला बटणं असतात. हात बटणांवर पडला आणि मारुतीरायासमोर वरातीचा बँड सुरू झाला. ट्रम्पेटसकट.

सगळे थांबले. बायकांत कुणी तरी फिसकन हसलं. मी धावत जाऊन बँड बंद केला, म्हणजे आधी आवाज वाढवला आणि मग बंद केला. मामा आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. "ह्या हाताला आता काम न्हाई राहिलं," ते हळूच म्हणाले आणि पिशवीची चेन उघडायला लागले. मला वाटलं, संपलं. आता हे परत ओट्यावर.

किसनआबा गुडघ्यावर हात टेकून उठले. खुंटीवरच्या चिपळ्या काढल्या आणि मामांच्या डाव्या हातात कोंबल्या. "काम न्हाई कसं? हे हालव. अन् हात मांडीपाशी ठिव, तिकडं बँडवाल्यांकडं नेऊ नको. बिनकामाचा हात मंडळात बसवून घेत न्हाईत आमी."

मामांनी चिपळ्या एकदा उचलून अंदाज घेतला. "हलक्या हायत," म्हणाले.

अभंग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मांडीपाशी, तोच जुना पुढे-मागे, फक्त आता त्यातून झणत्कार येत होता. आबांच्या पखवाजालाही जोर चढला. तिसऱ्या कडव्याला मामींची मूठ उघडली. खडीसाखर घामाने चिकट झाली होती, तरी त्यांनी ती सगळ्यांना वाटली. मी दोनदा घेतली. भजन संपल्यावर मामांनी कीबोर्ड खांद्याला लावला आणि घरापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

सकाळी मामा-मामी मला एसटीवर सोडायला आले. माझी बॅग बघून त्यांचा हात तिकडे गेलाच, पण मामींनी डोळे वटारल्यावर त्यांनी ती बोटाने नुसती ढकलून बघितली. "लई जड. काय भरलंय?"

"मामींनी दिलेलं पीठ, शेंगा, डाळ."

"मग बराबर हाय."

एसटीत जाऊन बसलो, पण गाडी सुरू होईना. ड्रायव्हर चावी फिरवायचा, इंजिन घुरघुरायचं आणि गप्प व्हायचं. खाली मामा निरोपाला उभे होते. त्यांनी हात हलवला, तो डावा. आडवा नाही, आपल्या सवयीने, पुढे-मागे, पुढे-मागे.

आणि गाडीने सूर धरला.