बघणारीचे हात

आमच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक वॉर्ड आहे. कितीतरी दिवस तिथे एकही पेशंट नव्हता. खाटा होत्या, ताणून घातलेल्या चादरी होत्या, भिंतींना फिका हिरवा रंग होता आणि एक मोठा पंखा होता. तो वॉर्डातली हवा खेचून, गाळून छपरावरून बाहेर सोडायचा. पंखा मी बसवलेला. मी इथला वायरमन. दाराच्या चौकटीला मी एक दोरा लटकवला होता. दार किलकिलं केलं की दोरा आतल्या बाजूला झुकायचा. म्हणजे हवा आत जातेय, आतला रोग बाहेर येणार नाही. कुठला रोग, ते मात्र कोणालाच धड माहीत नव्हतं. दूर कुठेतरी एक नवा ताप निघाला होता, त्याला अजून नावही मिळालं नव्हतं, आणि आम्ही त्याच्यासाठी अंथरुणं घालून बसलो होतो. दुपारी त्या रिकाम्या वॉर्डात उभं राहिलं की पंख्याच्या घुंईने डोळे जड व्हायचे आणि आपण जागे आहोत की नाही तेच कळायचं नाही.

त्या दाराशी उभ्या असायच्या माझ्या सासूबाई. सगळा दवाखाना त्यांना सावकाशमावशी म्हणतो.

जन्मभर नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता या घरी बसणार आणि माझ्या चपला कुठे काढल्यात ते मोजणार. पण नवा वॉर्ड होतोय हे कानावर आलं आणि बाई थेट मेट्रनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बघणारीचं काम त्यांनी मागून घेतलं. बघणारी म्हणजे काय, तर आजाऱ्याची सेवा करून आलेली नर्स अंगावरचा गाऊन, हातमोजे, चष्मा, मास्क उतरवते, तेव्हा समोर उभं राहून तिच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. पुढची पायरी काय, ते बोलून सांगायचं. "आत माणूस घाबरलेला असतो, म्हणून जपून वागतो," सासूबाई म्हणायच्या. "बाहेर येताना दमलेला असतो. सुटलो बाबा, असं वाटतं, आणि तेवढ्यात हात जातो तोंडाकडे." बघणारीला नियम एकच, पण कडक. काही झालं तरी आपण हात लावायचा नाही. म्हणून सासूबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि अंगाईच्या सुरात म्हणत राहायच्या, "सावकाश... सावकाश."

हे काम त्यांना कशासाठी हवं होतं, ते घरात आम्हाला ठाऊक होतं. तरुणपणी अशाच एका साथीत त्यांची जिवाभावाची मैत्रीण गेली. तीही नर्सच. ती हातमोजे काढत होती तेव्हा बघायला कोणी नव्हतं. सासूबाई शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. आणि आता त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, म्हणजे माझ्या बायकोने, नव्या वॉर्डाच्या पहिल्या तुकडीत नाव दिलं होतं. मला न विचारता. मी रागाने दोन दिवस अबोला धरला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सासूबाईंनी मात्र तिला अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जा. पण बाहेर येशील तेव्हा दारात मीच असेन. दुसरं कोणी नाही."

त्या एका वाक्यावर आम्ही तिघं रात्री झोपू शकत होतो.

मग सराव सुरू झाले. खाटेवर एक रबरी बाहुला झोपवायचा आणि मेट्रनबाईंनी त्याच्या अंगाला एक पावडर चोळायची, उजेडात न दिसणारी. नर्सने बाहुल्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं, मग दाराशी येऊन सगळं उतरवायचं. ते झालं की खिडक्यांना काळे कागद लावून मी जांभळा दिवा पेटवायचो. अंधारात माणसं दिसेनाशी व्हायची आणि जिथे जिथे पावडर लागली असेल तिथे तिथे निळे ठिपके उमलायचे. मोठ्या डॉक्टरांचं नाकाचं टोक हवेत एकटंच तरंगताना दिसलं. सफाईवाल्या काकांची अर्धी मिशी दिसली. मला तर कोणी खेळायलाही घेतलं नव्हतं, तरी माझ्या कानाची पाळी चमकत होती. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. मग हसणं आपोआप थांबायचं, कारण तो प्रत्येक ठिपका म्हणजे ताप, हे सगळ्यांनाच कळायचं.

हळूहळू ठिपके कमी झाले. मग एका दुपारी बायकोची पाळी आली.

कामावर असल्या की सासूबाई लेकीला सिस्टर म्हणायच्या आणि अहोजाहो करायच्या. घरी 'अगं ए' म्हणून हाका मारणारी बाई! बायको बाहुल्याचं सगळं करून दाराशी आली. त्या पोशाखात ती ओळखूही येत नव्हती. नुसते चष्म्यामागचे डोळे, तेही वाफेने धुरकट. पंख्याची घुंई चालू होती. दोरा आत झुकलेला होता.

"वरचे हातमोजे, सिस्टर. सावकाश. आता हात निर्जंतुक करा. छान. आता पायातली कव्हरं. सावकाश वाका."

बायको वाकली. तिचा खांदा जरासा कलला, डोकं खाली गेलं.

"अगं बाळा!"

सासूबाईंचे हात पाठीमागून कधी सुटले ते मला दिसलंच नाही. त्यांनी लेकीचे दोन्ही दंड गाऊनवरूनच घट्ट धरले होते. मग एका हाताने त्यांनी स्वतःचे डोळे पुसले.

"आई," मास्कच्या आतून बायको हळूच म्हणाली, "मी पडत नव्हते गं. वाकत होते. तूच तर वाक म्हणालीस."

सासूबाई मागे सरल्या, हात पुन्हा पाठीशी बांधले आणि घोगऱ्या आवाजात उरलेल्या पायऱ्या सांगितल्या. मी दिवा पेटवला. माझी बायको अंधारात पूर्ण बुडून गेली. तिच्या अंगावर एक ठिपका नव्हता. आणि तिच्यासमोर सासूबाईंचा चेहरा उगवला. गालावर निळं, डोळ्याखाली निळं, कानशिलावरचे पांढरे केस निळे. त्यांनी हात पुढे घेऊन बघितले, तर दोन्ही तळवे लख्ख पेटलेले. त्या स्वतःच्या हातांकडे बघतच राहिल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. अंधार होता म्हणून निभावलं.

"अहो मावशी, सरावच तर होता," मेट्रनबाई म्हणाल्या. "आईच आहात तुम्ही. चालायचंच."

"रोग विचारतो का, तुम्ही कोण लागता म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "ही पास. मी नापास. हिच्या दारावर मला उभं करू नका."

"आई, तू म्हणाली होतीस, दारात मीच असेन."

"म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

त्यानंतर त्या दुसऱ्यांच्या लेकींच्या दारावर उभ्या राहायच्या, आणि तिथे त्यांचा हात कधी हलला नाही. आमच्या घरच्या लेकीसाठी त्यांनी एक चष्मेवाली नर्स तयार केली. शांत पोर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिला त्यांनी सगळं शिकवलं आणि शेवटी बाजूला घेऊन सांगितलं, "दमली की ती मनगटाने उजवा डोळा चोळते. लहानपणापासूनची खोड आहे. तेव्हा ओरडू नकोस, दचकेल. नुसतं सावकाश म्हण."

तो ताप एका दुपारी आला. लांबचा प्रवास करून आलेला एक माणूस, अंग भाजतंय, श्वास लागलेला. बायको आत गेली. मी वॉर्डाबाहेर पंख्याच्या बटणापाशी बसून होतो, पंख्याला माझी काही गरज नसताना. सासूबाई तिथेच, बाहेरच्यांनी ओलांडू नये म्हणून जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे, बाकावर बसल्या. तिथून दार दिसत नव्हतं.

कितीतरी वेळाने दाराकडून चष्मेवालीचा आवाज आला. "वरचे हातमोजे. सावकाश." सासूबाईंचे ओठ हलायला लागले. प्रत्येक पायरी त्या आवाजाआधीच त्यांच्या ओठांवर येत होती. मध्येच तिकडचा आवाज थांबला. मी उठून उभा राहिलो. मग अगदी हळू, अंगाईच्या सुरात, "सावकाश... सावकाश." सासूबाईंनी डोळे मिटले. बसल्या जागी त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकमेकांत गच्च अडकवलेले.

बायको अंघोळ करून दुसऱ्या दाराने आली. सासूबाई उठल्या नाहीत.

"डोळा?" त्यांनी विचारलं.

"जात होता हात. थांबला."

"तिने बघितलं?"

"बघितलं, आई. नीट बघितलं."

"केस ओलेच ठेवलेस बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांचे हात पुढे आले.