रेश्माची तहान

रेश्मा गेल्याचा फोन तिच्या वडिलांनी, आबांनी केला. "ताई, आपली रेश्मा ऱ्हायली न्हाई," एवढंच म्हणाले, आणि मागे शेळ्यांचा आवाज येत राहिला. मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात पसरला होता. तिला घरी नेण्याआधी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "पाणी फार कमी प्यायची का ही?" मी हो म्हणाले. का प्यायची नाही, हे त्यांनी विचारलं नाही... म्हणून इथे लिहिते.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला आम्ही दोघी एकत्र होतो. मी भोर शहरातली, आईवडील दोघंही नोकरी करणारे. रेश्मा हिर्डोशीच्या वरच्या अंगाला शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. लहानपणी कड्यावरून पडली आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. शेवटच्या वर्षी आम्हाला अपंगांच्या हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत प्रशिक्षणाला पाठवलं. धोरण कसं वाचायचं, मागणी कशी मांडायची, हे तिथं शिकवत. "चिडायचं नाही, कायदा सांगायचा," असं तिथल्या मॅडम बजावायच्या. रेश्मा ते फार मनापासून शिकली. घरी 'म्या' आणि 'न्हाई' म्हणणारी ही मुलगी साहेबांसमोर कलमं अशी मांडायची की मीच ऐकत राहायचे.

आमची मागणी साधी होती. भोरच्या ज्या सरकारी कार्यालयात अपंगांना कामासाठी जावं लागायचं, तिथं खुर्ची आत जाईल असं एक स्वच्छतागृह हवं, आणि त्यांची कामं तळमजल्यावर व्हावीत. त्यासाठी कितीतरी खेटे घातले. आबा तिला उचलून एसटीत बसवायचे. घर सोडल्यापासून परत पोचेपर्यंत ती पाण्याला तोंड लावायची नाही. भर उन्हाळ्यातही मी बाटली पुढे केली की म्हणायची, "नको गं. पिऊन मग जाऊ कुठं?"

तिथले साहेब गोड बोलायचे. एकदा तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "किती छान बोलतेस गं. तुझ्याकडे बघून आम्हाला प्रेरणा मिळते." मग तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. रेश्मा म्हणाली, "साहेब, प्रेरणा राहू द्या, दार तेवढं रुंद करा." सगळे हसले. पुढे नवं स्वच्छतागृह झालं खरं, पण दारातच पायरी. विचारलं तर नकाशात तसंच आहे म्हणाले. त्या दिवशी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आपल्याला बोलायला शिकवलं. त्यांना ऐकायला कुणी शिकवायचं?"

ती गेल्यावर त्याच कार्यालयाने शोकसभा ठेवली, पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात. तिच्या ज्या मित्रमैत्रिणींना जिना चढता येत नव्हता ते खाली, लावलेल्या मोटारसायकलींच्या मधे बसून राहिले. मी वर गेले नाही, त्यांच्यातच बसले. माईकवरून साहेबांचा आवाज खालपर्यंत येत होता. तिच्या जिद्दीबद्दल बोलत होते.

परवा हिर्डोशीला गेले. पाऊस कोसळत होता आणि पाणी थेट घरात शिरत होतं. रेश्माची आई गोणपाटाने ते टिपत होती. दाराला उंबराच नव्हता. खुर्ची आतबाहेर जावी म्हणून आबांनी तो केव्हाच उपटून काढला होता, तेव्हा भावकीने नावं ठेवली होती म्हणे. माझ्यासमोरच रेश्माचे चुलते आबांना म्हणाले, "आता तरी उंबरा बसवून घे की. कुणासाठी मोकळं ठेवतूस?"

आबा दाराकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "येतंय तर येऊ दे पानी."