कुडाळात मारलेली हाक

टेम्पो सुरू झाला आणि मला रडूच फुटलं. आई दारापुढच्या खळ्यात हात पुसत उभी. म्हणाली, "रडतंस कित्याक गो? कुडाळ म्हणजे काय विलायत?" खरंच की. नवऱ्याला कुडाळच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही आरोंद्याहून बिऱ्हाड हलवलं, एवढंच. दुबई-मस्कतला गेलेल्यांनो, हसा खुशाल! पण घर सुटलं ते सुटलंच. अजून जीव एका जागी बसत नाही.

आरोंद्याला आम्ही शाळेत चालत जायचो आणि त्याची एक रीत होती. वाडीतल्या शेवटच्या घरातलं पोर आधी निघायचं आणि वाटेतल्या प्रत्येक घरासमोर उभं राहून ओरडायचं, "येतंस मां गो?" हाक न मारता कुणाच्या दारावरून पुढे गेलं, तर संध्याकाळी घरी बोलणी ठरलेली. शाळेत पोचेपर्यंत पोरांची जत्रा व्हायची.

कुडाळात शाळेचं गेट आमच्या खिडकीतून दिसतं. तरी सगळे गाडीतून! आम्हीही सेकंडहँड गाडी घेतली आणि रोज सकाळी त्या गेटसमोर अडकून पडायला लागलो. पुढे गाडी, मागे गाडी, मधून स्कूटरवाले घुसणार, आणि प्रत्येकाला आपलं मूल अगदी गेटच्या तोंडाशीच उतरवायचं. चालत केव्हाच पोचलो असतो. मागच्या सीटवर माझी मिनी गप्प. दुसरीतली पोर, एक दिवस म्हणाली, "आई, मला नाही जायचं शाळेत. माझ्याशी कोण बोलतच नाही." वरच्या मजल्यावरची रिया तिच्याच वर्गात, पण दोघींनी एकमेकींना बघायचं ते गाडीच्या काचेतून.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मिनीचा हात धरला, खाली उतरले आणि बिल्डिंगसमोर उभी राहून आरोंद्याच्या आवाजात हाक मारली, "ए रियाऽऽ! येतंस मां गो?"

अहो, धावपळच उडाली! धडाधड खिडक्या उघडल्या. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं साप निघाला. एक काका तोंडात ब्रश, हातात काठी घेऊन खाली. रियाची आई वरून म्हणाली, "अहो, मेसेज करायचा ना!" नवरा चिडला, "हे काय आरोंदा आहे?" मिनी तर माझ्या ओढणीत तोंड लपवून रडकुंडीला आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गाडीत काही बसले नाही. दोघी चालत गेलो.

पुढच्या सकाळी रिया दप्तर घेऊन जिन्यात हजर. मागे गाऊनमधली तिची आई. "चालतच जाणार म्हणून हटून बसलीय. न्याल ना?" मग तळमजल्यावरचा आर्यन आला, समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी आल्या. आता आळीपाळीने एकेक आई सोबत जाते. गेटवर गाड्या अजून आहेतच. मी रोज कुणाच्या तरी काचेवर टकटक करून म्हणते, "उद्या पाठवा की आमच्याबरोबर!" काही जण काच वर करतात. करोत बापडे.

यंदा चतुर्थीला आरोंद्याला गेलो. इथेच राहावं, परत जाऊच नये, असं माझ्या मनात घोळत होतं. तर मिनी विचारते, "आई, घरी कधी जायचं?"

"अगं, घरीच तर आलोय."

"हे नाही गं. आपल्या घरी. सोमवारी मी नाही गेले तर सगळी जिन्यात थांबून राहतील."

आनंद झाला आणि तेवढंच वाईटही वाटलं. पोर रुजली, मी मात्र अधांतरीच. एक दिवस शाळा बुडली तर काय आभाळ कोसळतंय, असं म्हणणार होते. आईने बोलूच दिलं नाही. पिशवीत नारळ भरत म्हणाली, "जा गो. पोरांका ताटकळत ठेव नको."

परतताना मिनी मागच्या सीटवरून सारखी विचारत होती, "घर आलं?" मी पायाशी नारळांची पिशवी सावरत होते. कुडाळ लागलं, आमची बिल्डिंग दिसली, तिने पुन्हा विचारलं. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "हो, आलं."