चौथा खण

आमची नात रुद्राणी नांदेडला आर्किटेक्चर शिकत होती त्या सालची ही गोष्ट. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झालेली. औशाहून एस.टी.नं लातूरला निघालं की दर खेपेला एखादी नवी कचेरी उभी दिसायची. पोरगी शाळेत असताना विचारायची, "आज्जा, हे बांधतं कोण?" मी गावच्या शाळेत सातवी झालेला. म्हटलं, "शिकून ये, अन् मलाच सांग."

नांदेडात ती मजेत होती. दुष्काळामुळं होस्टेलात माणशी एकच बादली, पण पत्रात त्याची तक्रार नसायची. मुदखेडची पंचशीला तिच्या खोलीत राहायची. दोघी ड्रॉइंग बोर्ड डोक्यावर धरून रिक्षात बसायच्या, रविवारी विष्णुपुरीला जाऊन धरणाचं बांधकाम बघायच्या, भजी खाऊन परत यायच्या.

या सुखात खडा एकच, भुजंग सर. नाव आईबापांनी विचार करूनच ठेवलेलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी काम दिलं, गावातलं एक घर मोजून नकाशा काढा. रुद्राणीनं आमचंच घर मोजलं अन् वर ठळक लिहिलं, 'चार खणांचं घर'. आमच्याकडं घर खणांनीच सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. सर मोठ्या शहरातले, त्यांना खण ठाऊक तो कपाटाचा.

"चार खणांचं? घर आहे का कपाट?"

वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवसापासून तिचं नावच कपाट पडलं. पंचशीला तेवढी उठली. "कपाटाला किल्ली लागते सर, अन् ती तुमच्याकडं न्हाई." सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं.

मग सरांनी नकाशावर पट्टी लावली. तीन खण सारखे, चौथा नऊ इंच कमी. "मोजता येत नाही आणि निघाली घरं बांधायला! चारी सारखे करून आण, नाहीतर नापास."

रुद्राणीच्या आईनं, आमच्या सूनबाईनं, आधीच बजावलेलं, एक वर्ष जरी बुडालं तरी पोरगी घरी अन् लगेच लग्न. एक रेघ सरकवली असती तर पोरगी सुटली असती. पण ती म्हणाली, "घर तसंच हाय सर."

पत्र वाचून मी नांदेड गाठलं. सर मला बसा म्हणाले नाहीत, म्हणून मी उभ्यानंच गोष्ट सुरू केली. माझी गोष्ट काही लहान नसते.

"आमच्या बापानं घर बांधलं तेव्हा चौथी तुळई बांधावरच्या बाभळीची धरली होती. पलीकडचा संगप्पा म्हणाला, झाड अर्धं माझं. अन् मापापेक्षा वीतभर जास्तच कापून नेलं त्यानं! तुळई आखूड पडली. बापानं खांबच वीतभर अलीकडं रोवला. मरेपर्यंत त्या खांबावर थाप मारून मारून संगप्पाला शिव्या दिल्या. आता सांगा सर, वीत म्हणजे किती इंच?"

"गोष्टी सांगून कुणी पास होत नसतं, म्हातारबा."

"मग या मोजायला. पाणी तेवढं तुमचं आणा, आमच्याकडं टँकर आठवड्यातून दोनदा येतो."

अन् आला की हो माणूस! स्वतःचा टेप, स्वतःचं पाणी थर्मासात. रुद्राणी टेपचं टोक धरायला पुढं झाली, तर सरांनी ते स्वतःच खांबाच्या खिळ्याला अडकवलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नऊ इंच कमी.

मी म्हटलं, "आणखी एकदा मोजा सर, खण चौथा हाय."

सरांनी नकाशावर लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'चौथा खण नऊ इंच कमी, तपासले', अन् सही ठोकली. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. मीही आग्रह केला नाही. पाण्याचे दिवस वाईट होते.

निकाल लागला. पास व्हायला पन्नास लागायचे, सरांनी मोजून पन्नासच दिले. सूनबाईनं लग्नाचा विषय गिळला, पण पोरगी चिडली. "एक मार्क तरी जास्त द्यायचा, आज्जा!"

"अगं," मी म्हटलं, "एक कमी द्यायची हिंमत झाली न्हाई त्याची, ते बघ."