चारशे शहाण्णव मैल

आमच्या यांच्यासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, आणि तोच तर सगळा ताप होता. नाव गिरधर. काम काय, तर बऱ्हाणपुरात सुधाकरशेठची बैलांची दमणी हाकायची. शेठ कापसाचे व्यापारी. शेठ आत बसणार, हौश्या आणि गुण्या ओढणार, आणि हे दिवसभर त्या बैलांशी इतकं बोलणार की घरी आल्यावर माझ्यासाठी शब्द उरायचा नाही.

छप्पन्न सालच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, शेठनी मोटार आणली. काळीभोर, नवीकोरी. कंपनीच्या माणसानं यांना चार दिवस चाक धरायला शिकवलं आणि जाताना बजावलं, "पहिले पाचशे मैल इंजिनावर जोर द्यायचा नाही. एकदम हळू."

झालं! यांना ते मनापासून पटलं. गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतं का? आणि जोर द्यायचाच नाही, तर इंजिन सुरू तरी कशाला करायचं? यांनी मोटारीला बैल जुंपले. आत हे चाक धरून, कासरा काचेतून बाहेर. मला वाटलं, आता शेठ जोड्यानं मारतात. तर शेठ म्हणतात कसे, "वा गिरधर! इंजिनाला आराम." मी कपाळावर हात मारला.

रोज नेपानगरच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. कागद कारखान्याचे कामगार सायकलवरून घंटी वाजवत पुढे निघून जायचे. मीटरवर मैल चढत होते, शेठ दर शनिवारी चष्मा लावून बघत होते. एका शनिवारी ते म्हणाले, "पाचशे झाले की इंजिन सुरू, आणि बैल विकायचे. फोपनारच्या लोटूला केळीच्या मळ्यासाठी जोडी पाहिजे."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. वासरं होती तेव्हापासून यांनीच वाढवलेली ती जोडी. बोट चोखायला देऊन दूध पाजलेलं. मी म्हटलं, "अहो, शेठशी बोला." तर म्हणे, "मालकाचा शब्द आहे, त्याच्यापुढे मी काय बोलू?" असा राग आला मला! बैलांशी बोलायला बरं तोंड होतं.

मग पावसाळ्यात मोटार चिखलात रुतली. मागून बैल लावून ओढून काढली, तर मीटरचा आकडा मागे सरकला. हे घरी आले ते हसतच. त्या दिवसापासून दहा मैल सरळ जायचं, आणि गावाबाहेर कोणी नसलं की तेवढंच, कधी त्याहून जास्त, उलटं ओढायचं. शेठ चष्मा पुसून विचारायचे, "अरे, मागे चारशे नव्वद होते ना?" हे म्हणायचे, "नवीन आहे शेठ, आकडे अजून बसायचेत." आयुष्यातलं पहिलं खोटं, तेही मोटारीबद्दल!

पण नोव्हेंबरच्या एक तारखेला नवीन राज्य होणार होतं. बऱ्हाणपूर नागपूर सोडून भोपाळच्या हाताखाली जाणार, म्हणून कोणी मोठे साहेब रेल्वेनं यायचे होते. शेठना हौस फार. म्हणाले, "साहेबांना टेशनावरून आपल्याच मोटारीत आणायचं. सभेच्या मैदानात पोचेपर्यंत पाचशे पुरे होतील, आणि साहेबांच्या हातानं इंजिन सुरू!" शेवटचा आठवडा ते स्वतः आत बसून राहिले. उलटं जायची सोयच राहिली नाही. टेशनावर पोचली तेव्हा मोटार चारशे अठ्ठ्याण्णववर होती.

शेठ हार घेऊन मैदानात उभे. शेजारी लोटू, हातात दावं. मीही गर्दीत होते. बँड वाजायला लागला, आणि मोटार आली.

उलटी आली! आधी तिची पाठ, मग तोंड. बैल मागच्या बाजूला जुंपलेले, हे मान मागे वळवून चाक फिरवताहेत. साहेबांना वाटलं, बऱ्हाणपूरची अशीच रीत असेल. ते मागच्या काचेतून लोकांना हात जोडत होते. बँडवाले गोंधळले, पण वाजवत राहिले.

शेठनी आत वाकून मीटर पाहिलं. चारशे शहाण्णव.

"गिरधर! हे काय रे?"

हे खाली उतरले. मग एकदम हौश्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागले, भर मैदानात, साहेबांसमोर. "शेठ, नका ना विकू. शब्द तुमचा आहे, माहीत आहे मला. पण नका."

साहेब विचारत होते, "क्या हुआ?" शेठनी हातातला हार साहेबांच्या गळ्यात घातला. मग माझ्याकडे वळले. "मनकर्णा, एखादी चिंधी आहे का गं?"

मी पदराचा काठ टर्रकन फाडला आणि दिला. शेठनी तो आकडा पार झाकेल असा मीटरवर घट्ट बांधला, दोन गाठी मारल्या, आणि लोटूला म्हणाले, "पाचशे झाले की निरोप धाडतो. तू जा आता."

दिवाळीचं नवंकोरं लुगडं होतं ते. फाडताना हात जरासुद्धा अडला नाही माझा.